जुन्या मोटारी आणि नवे सारथी

मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूरचा घाट लागतो. एके काळी उन्हाळ्याच्या दिवसांत पाण्याचा डबा बरोबर घेतल्यावाचून या घाटात मोटार घालण्याचे धाडस कोणी करीत नसे. अर्ध्या चढावर इंजिन तापे, मग मोटार कडेला घ्यावयाची, झाकण उघडून वाफ जाऊ द्यावयाची आणि पाणी घालून पुढचा रस्ता धरावयाचा, हा नित्याचा विधी होता. आजच्या मोटारींना हा चढ जाणवतही नाही. तथापि याच रस्त्यावर अधूनमधून एखादी उंच नाकाची जुनी जीप किंवा गोल दिव्यांची फियाट घरघरत वर चढताना दिसते. आत कोणी पिकल्या केसांचे गृहस्थ असतील अशा समजुतीने पाहावे, तो सुकाणूवर विशीपंचविशीचा तरुण! मोटार त्याच्या जन्माआधीची. क्वचित त्याच्या वडिलांच्याही जन्माआधीची.

वसंतातल्या या ज्ञानसत्रात मोटारीसारखा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या काळी माणसे जुने टाकण्यास उतावीळ झालेली असतात, त्याच काळी तरुणांनी जुने उचलून घरी आणावे, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा प्रश्न आहे. हौसेला मोल नाही, असे म्हणून तो सुटत नाही. ही गतकाळाची ओढ म्हणावी, तर जो काळ त्याने पाहिलाच नाही त्याची आठवण त्याला कोठून येणार? चारचौघांत उठून दिसण्याची आणि छायाचित्रे काढून मिरविण्याची आवड यात आहे, हे खरे. पण मिरविण्यासाठी नवी मोटार अधिक सोयीची. तिच्याखाली तेलाने हात माखून निजावे लागत नाही. उत्तर शोधावयाचे तर या मोटारी इतकी वर्षे टिकल्या कशा, तेथून आरंभ केला पाहिजे.

आपल्या देशात आरंभी मोटारी परदेशांतून आल्या, आणि पुढे परदेशी कंपन्यांनी त्यांचे सुटे भाग येथे आणून जोडण्यास सुरुवात केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मोटार येथेच घडली पाहिजे हा ध्यास घेतला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारने असे धोरण स्वीकारले की, जो कारखानदार क्रमाक्रमाने सर्व भाग देशातच बनवील त्यालाच येथे स्थान मिळावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्या त्यानंतर येथून निघून गेल्या. मग पुढची तीन दशके सामान्य माणसाच्या दृष्टीने मोटार म्हणजे मुख्यतः कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आणि बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर. तिसरे वाहन म्हणजे महिंद्रांची जीप. महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जन्मलेली ही गाडी १९४७ पासून येथे जोडली जाऊ लागली आणि पाहता पाहता खेड्यापाड्यांची झाली.

या काळाचे मुख्य लक्षण टंचाई हे होय. १९७० च्या दशकात सबंध देशात तयार होणाऱ्या मोटारींची संख्या वर्षाला ५० हजारांच्याही आतच राहिली. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी स्थिती. म्हणून मोटार ही वापरून टाकावयाची वस्तू नव्हती; विहीर, मळा, वाडा यांच्या जोडीने वाटणीपत्रात जाऊन बसावी अशी ती मिळकत होती. जी दुसरी मिळणार नाही ती जपलीच पाहिजे. टंचाई ही काही मिरविण्याजोगी गोष्ट नव्हे. तिने लोकांना पुष्कळ छळले. पण तिनेच दुरुस्तीची विद्या गावोगाव पोहोचविली.

आपल्या जिल्ह्यात ही विद्या विशेषेकरून जीपच्या आधाराने वाढली. सामुदायिक विकास योजना १९५२ मध्ये आली, जिल्हा परिषदा १९६२ मध्ये स्थापन झाल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण जीवनातले एक ठळक चित्र बनले. धूळ उडाली की पोरे ओरडत, ‘जीप आली!’ आणि गावाला कळे की सरकार आले. निवडणुकीत ध्वनिक्षेपक बांधून तीच फिरे. पुढे तिच्या वंशातल्या लांब गाड्यांना काळा-पिवळा रंग लागला आणि एस.टी. जेथे वेळेवर पोहोचत नसे तेथे ‘काळी-पिवळी’ने माणसे, कोंबड्या, कापसाची गाठोडी आणि नवरानवरीही वाहून नेली.

या सगळ्या वाहनांना चालते ठेवणारा पुरुष म्हणजे मिस्त्री. खामगाव, चिखली, मेहकर येथल्या रस्त्यांच्या कडेला, निंबाच्या सावलीत, एका पेटीवर त्याचे विद्यापीठ चाले. पुस्तक नाही, पदवी नाही. आवाज ऐकून तो रोग सांगे. वैशाखात पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरली की गाडी मधेच बंद पडे. त्यावर पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय होता. पाणी बाष्प होताना उष्णता खेचून घेते हे तत्त्व शाळेत न शिकताही चालकाला ठाऊक असे. कार्बोरेटर उघडून फुंकर मारावी, पॉइंटवरची काजळी कानशीने घासावी, झिजलेला भाग भट्टीवर भरून घ्यावा. यंत्राचे कोणतेही अंग त्याच्या दृष्टीआड नव्हते.

मारुतीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात ग्राहकाच्या हाती पडली आणि हे युग ओसरू लागले. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले, २०१४ मध्ये अँबॅसडरचे. २० वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. नव्या मोटारी निःसंशय अधिक चांगल्या आहेत. परंतु त्यांच्या पोटात आता संगणक आहे. बिघाड झाला तर दिवा लागतो. दिव्याचा अर्थ सांगणारे यंत्र दुसऱ्याच्या दुकानात असते. मालकाकडे किल्ली आली, पण कळ राहिली नाही.

माझ्या मते जुन्या मोटारीच्या ओढीचे मर्म येथे आहे. या तरुणाला जुना काळ नको आहे. त्याला आपल्या हाताला कळेल असे यंत्र हवे आहे. ज्याच्या हातातला फोन उघडता येत नाही, त्याला झाकण उचलताच सगळे इंजिन समोर दिसणारी जीप मिळाली, तर ती त्याला मोहिनी घालील यात नवल ते काय? वऱ्हाडाला हे नाते नवे नाही. आपल्याकडे दमणीचे चाक, बैलाची चाल आणि वंगणाची मात्रा मालकाला स्वतः कळत असे. शंकरपटात धावणाऱ्या जोडीचा अभिमान केवळ जोडी विकत घेतल्याचा नसे, ती आपण राखल्याचा असे.

इतरत्रही असेच घडले आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली मोटारींवरील जाचक वेगबंधन सैल झाले तेव्हा लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारी धावल्या. त्या प्रसंगाची आठवण म्हणून १९२७ मध्ये जुन्या मोटारी पुन्हा त्या वाटेने काढण्यात आल्या. मध्ये जेमतेम एकतीस वर्षे गेली होती! यंत्र सोयीचे होऊ लागताच त्याच्या गैरसोयीच्या पूर्वजाविषयी माणसाला जिव्हाळा उत्पन्न होतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या गाड्यांतून निघणारा धूर अधिक, त्यांचे ब्रेक दुर्बळ, आणि अपघातात फुगणारी हवेची उशी त्यांच्यात नाही. मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तेथल्या वेगात जुनी फियाट घालणे हे प्रेम नव्हे, अविचार होय. तिची जागा गावच्या रस्त्यावर, बेताच्या चालीत.

कायद्यानेही तिला एक जागा दिली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. मात्र ती प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. खाजगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची; पुढे तपासणी करून नूतनीकरण घ्यावे लागते, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर नेण्यात आले. १९८५ ची जीप या दोहोंच्या मधे सापडते. भंगारवाल्याच्या दृष्टीने ती म्हातारी, इतिहासाच्या दृष्टीने अल्पवयीन! ही मधली वर्षे तिला कोणाच्या तरी मायेवरच काढावी लागतात, आणि ती माया आज बहुतांशी तरुणांची आहे.

पण मोटार राखली म्हणजे सारे राखले असे नाही. लोखंड गंजले तर पत्रा नवा ठोकता येतो. कानाने रोग ओळखणारा मिस्त्री गेला तर तो कान पुन्हा घडवता येत नाही. त्याची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, आणि त्याने काही लिहून ठेवलेले नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे: गाडी मिस्त्रीकडे सोडून घरी जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा, पाना हातात घ्या, तो काय ऐकतो ते ऐका आणि वहीत टिपून ठेवा. राजूरच्या घाटात पाण्यासाठी थांबण्याची वेळ आली, तर ती गाडी का तापली हे तुमचे तुम्हांला सांगता आले पाहिजे. तेवढे आले, की ती गाडी खऱ्या अर्थाने तुमची झाली.