स्टेटव्हिलच्या कैद्यांचं रक्त

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात हिवतापाचा प्रयोग सुरू झाला. पॅसिफिकच्या बेटांवर सैनिक तापाने आडवे पडत होते आणि नव्या औषधाची घाई होती. शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर आल्फ आल्विंग आणि त्यांचे सहकारी राजी झालेल्या कैद्यांना डासांकडून चाववून घेत, ताप आला की औषधं देऊन पाहत. शिक्षेत सूट मिळेल या आशेवर जगणाऱ्या माणसाची राजीखुशी कितपत खरी मानायची? न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी याच तुरुंगाचं उदाहरण पुढे केलं, आणि ते खोडून काढणं सोपं नव्हतं.

हिवतापाचा व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तिथेच मारणारं औषध म्हणजे प्रायमाक्विन. कोरियातून परतणाऱ्या सैनिकांना ते जहाजावरच, रोज 15 मिलिग्रॅम, 14 दिवस दिलं जाई.

पण स्टेटव्हिलमध्ये ते घेणाऱ्या काहींची लघवी दोन-तीन दिवसांत काळसर होई आणि रक्त झपाट्याने उतरे. अशांमध्ये कृष्णवर्णी कैदी जास्त होते. प्रायमाक्विनच्याच कुळातल्या प्लाझ्मोक्विनबद्दल 1926 पासून अशा नोंदी होत्या. दोष औषधाचा, शरीराचा की रक्ताचा?

उत्तर शोधण्याची रीत देखणी होती. त्रास होणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या त्रास न होणाऱ्याच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. फुटल्या त्या फक्त पाहुण्या पेशी. उलट प्रयोगात, त्रास होणाऱ्याच्या शरीरात सोडलेल्या निरोगी पेशी टिकल्या. म्हणजे उणीव पेशीतच होती. औषध चालू ठेवलं तरी काही दिवसांनी रक्त सावरे, कारण आधी म्हाताऱ्या पेशी फुटत आणि त्यांच्या जागी येणाऱ्या तरुण पेशी तग धरत. हे कळलं, पण त्यासाठी रक्त फुटत असतानाही त्या माणसांना गोळी घ्यावी लागली.

1956 साली कार्सन, फ्लॅनगन, आइक्स आणि आल्विंग यांनी ‘सायन्स’मध्ये उणीव कशाची ते छापलं: ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, थोडक्यात जी-सिक्स-पीडी. तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून सांभाळणारं हे विकर. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांना त्रास अधिक होतो. हिवतापाच्या प्रदेशांतच ही उणीव जास्त का, याचा उलगडा पुढे झाला: असं रक्त असलेल्यांना जीवघेण्या हिवतापापासून थोडं संरक्षण मिळत असावं.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विकर तपासलं, तेव्हा पारशी समाजात त्याची उणीव ठळकपणे दिसली. म्हणजे हा प्रश्न इथलाही आहे, कारण व्हायव्हॅक्ससाठी भारतात आजही प्रायमाक्विनच 14 दिवस देतात.

स्टेटव्हिलचे प्रयोग 1974 साली थांबले. 2018 मध्ये अमेरिकेत प्रायमाक्विनचंच काम करणाऱ्या टॅफेनोक्विनला मान्यता मिळाली. त्याचा एकच डोस पुरतो, पण तो शरीरात कित्येक आठवडे राहतो आणि परत काढून घेता येत नाही. म्हणून तो देण्याआधी रुग्णाच्या रक्तातलं हे विकर मोजावं लागतं आणि ते सामान्य पातळीच्या 70 टक्क्यांहून अधिक असावं लागतं.