केसरीने नाकारलेली जाहिरात आणि आपल्या हातातला मोबाईल



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक तरुण भेटायला आला. तो आणि त्याची आई घरातून जेवणाचे डबे पुरवतात. त्याला व्हॉट्सॲपवर धंद्याचे खाते काढायचे होते, इन्स्टाग्रामवर रोजच्या डब्याचे फोटो टाकायचे होते. फोटो, भाव, नंबर सगळे तयार होते. गाडी अडली होती एकाच ठिकाणी. तो म्हणाला, "दादा, नावापुढे आडनाव टाकू का? आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो व्हिडिओत दिसला तर गिऱ्हाईक तुटेल का?"

सोशल मीडियावर धंदा कसा वाढवावा हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. फोटो कसा काढावा, कोणत्या वेळी पोस्ट टाकावी, सगळे त्यात असते. या पोराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नसते, कारण शिकवणाऱ्यांना तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो. 'ब्राह्मणी चवीचे जेवण' असे बिनदिक्कत छापून डबे विकले जातात आणि ती जाहिरात जातीयवादी आहे असे कोणाला वाटत नाही. आपल्या पोराला मात्र आडनाव लिहिताना हात थरथरतो. ही भीती त्याची एकट्याची नाही. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या तरुणांनी धंद्याच्या अंगाने वाचलेला नाही.

सुरुवात खुद्द बाबासाहेबांपासून करू. 1917 मध्ये ते परदेशातून शिकून परतले. बडोद्याच्या नोकरीत राहायला घरसुद्धा मिळाले नाही, म्हणून मुंबईला आले. कुटुंब चालवायचे होते. त्यांनी शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढली. अर्थशास्त्र कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस सल्ला देत होता, तेव्हा मालाच्या दर्जाबद्दल तर शंका नव्हती! गिऱ्हाइके येऊही लागली. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती येईनाशी झाली आणि कंपनी बंद पडली. 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

"बाजार जात बघत नाही, माल चांगला ठेवा, गिऱ्हाईक आपोआप येईल" असे सांगणाऱ्यांना हा एक प्रसंग पुरेसा आहे. बाबासाहेबांपेक्षा चांगला माल कोणाकडे होता?

दुसरा प्रसंग 1920 चा. 31 जानेवारीला 'मूकनायक' पाक्षिक सुरू झाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली होती. नवे पत्र निघाले की त्याची जाहिरात दुसऱ्या पत्रात द्यायची, ही रीतच होती. 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली गेली. फुकट नव्हे, पैसे देऊन. तरीही 'केसरी'ने ती छापली नाही. त्या वेळी टिळक हयात होते.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. प्रस्थापितांना आपले विचार नको होते हे आपण नेहमी म्हणतो. पण इथे तर लेख छापण्याचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक पैसे मोजून जागा विकत घेत होते आणि दुकानदार ती जागा विकायला तयार नव्हता. म्हणजे पैसा आहे, माल आहे, वाचकही आहे, पण 'आम्ही आलो आहोत' हे लोकांना सांगण्याची वाटच दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पाण्याचा हौद बंद होता तशीच जाहिरातीची जागाही बंद होती.

मग ही कोंडी फुटली कशी? त्याचे उत्तर कोल्हापुरात आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्णांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढण्यासाठी मदत केली. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, तरी सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. हे कळल्यावर महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणणार कोण?

आज कोणा प्रसिद्ध माणसाने रीलमध्ये एखाद्या गाड्यावरचा वडापाव खाल्ला की दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागते. महाराजांनी हेच केले, पण एक पैसाही न घेता, आणि विटाळाच्या कल्पनेवर घाव घालण्यासाठी केले. गंगारामांनीही आपली ओळख लपवली नाही. पाटीवर सत्य आणि सुधारणा हे शब्द लिहून ते भर रस्त्यावर बसले.

तिसरा प्रसंग 1936 चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण वाचून मंडळ घाबरले, बदल मागू लागले. बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषदच बारगळली. व्यासपीठ गेले. पण त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. 1,500 प्रतींची ती इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली आणि वेगवेगळ्या भाषांत अनुवाद होऊ लागले. दुसऱ्याच्या व्यासपीठावर अवलंबून राहिले असते तर 'जातिसंहार' तिथेच गाडला गेला असता.

1956 नंतर तर आपल्या समाजाने स्वतःची बाजारपेठच उभी केली. दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे, कॅलेंडरांचे, बुद्धमूर्तींचे, गाण्यांच्या कॅसेटचे स्टॉल लागत आले. मोठ्या दुकानांनी जी पुस्तके ठेवली नाहीत ती तिथे सतरंजीवर मांडून विकली गेली. त्यामागे जाहिरात कंपनी नव्हती. माणूस माणसाला सांगत होता.

आता आजच्याकडे येऊ. जाहिरात छापायला आज 'केसरी'ची परवानगी लागत नाही. पाच मिनिटांत पान तयार होते. हा बदल लहान नाही, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, मग धंद्याचा प्रचार आपण का करायचा? अहो, डबे पुरवणारी आई भांडवलदार नाही. भांडवलदार आहे ती कंपनी, जिच्या ॲपवर ती आई आपले फोटो टाकते.

आणि खरा धोका तिथेच आहे. 2018 मध्ये फेसबुकने आपले नियम बदलले, मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्ट वर आणल्या आणि धंद्याची पाने खाली ढकलली. ज्यांनी वर्षानुवर्षे लाईक जमवले होते त्यांना आपल्याच लोकांपर्यंत पोहोचायला पैसे मोजावे लागू लागले. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या बहुजन पोरापोरींनी कमावलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदीचे कारण बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेले घर किती टिकते, हे त्या रात्री कळले.

बाबासाहेबांना हे माहीत होते. म्हणूनच पत्र काढून ते थांबले नाहीत, पुढे स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. वाचकांनी वर्गणी भरावी म्हणून ते पुन्हा पुन्हा बजावत राहिले. 'बहिष्कृत भारत' 1929 मध्ये बंद पडले ते वाचक नव्हते म्हणून नाही, पैशाचे पाठबळ कमी पडले म्हणून. 'वा, छान लिहिले' म्हणणारे पुष्कळ होते, वर्गणी पाठवणारे थोडे. आज आपण लाईक करतो, अंगठा दाखवतो आणि ऑर्डर दुसरीकडे देतो. यात फरक काय?

म्हणून त्या तरुणाला मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, गिऱ्हाइकांचे नाव आणि नंबर स्वतःच्या वहीत लिहून ठेव. ॲप उद्या बंद झाले तरी ती वही तुझी आहे. दोन, पहिली पन्नास गिऱ्हाइके आपल्या माणसांतून मिळव, पण तिथेच थांबू नकोस. गंगारामांचे हॉटेल भर रस्त्यावर होते, वस्तीच्या आत नव्हते. तीन, आडनावाचा निर्णय तुझा आहे. पोटासाठी कोणी नाव लपवले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, लाज वाटायची तर ती नाव विचारणाऱ्याला वाटावी. पण लपवलेले नाव एक दिवस कळतेच. बाबासाहेबांच्या कंपनीचे काय झाले ते बघ. मग ते पहिल्या दिवसापासूनच माहीत असलेले काय वाईट?

आणि तुम्हा सर्वांना एक काम. शाहू महाराजांकडे राज्य होते, आपल्याकडे नाही. पण आपल्यातला जो कोणी नोकरीत आहे, ज्याचे मित्र आणि सहकारी सर्व जातींचे आहेत, त्याने आपल्या पोराच्या हॉटेलात, दुकानात, सलूनमध्ये त्यांना सोबत घेऊन जावे. पूर्ण पैसे द्यावेत, उधारी ठेवू नये, फोटो काढून नावासकट टाकावा. गाडी थांबवण्याएवढे तरी आपण करू शकतो.

परवा त्या पोराचा पहिला व्हिडिओ आला. भाकरी थापणारी आई आहे. मागे भिंतीवर बाबासाहेब आहेत. खाली पूर्ण नाव आहे. मी ऑर्डर दिली आहे. तुम्ही?

जय भीम!