वाट पाहण्याची किंमत : ऑकलंड, १९६६

१/८
गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी होत नाही. आधी तेथील वरच्या थरातील पेशी बदलतात. त्यातून कर्करोग होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. हीच उपचाराची संधी. न्यूझीलंडमध्ये ती डोळ्यांदेखत कशी दवडली गेली, त्याचा हा इतिहास.

२/८
त्या काळी मुख्य उपचार दोन : गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग कापून काढणे किंवा संपूर्ण गर्भाशय काढणे. अपत्याची आस असलेल्या तरुण स्त्रियांना दुसरा उपचार फार महागात पडे.

३/८
ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलातील डॉ. हर्बर्ट ग्रीन यांना ही चिंता होती. तीव्र बदलही क्वचितच कर्करोगाचे रूप घेतात, अशी त्यांची धारणा होती. १९६६ मध्ये रुग्णालयाने त्यांचा प्रस्ताव मान्य केला : पूर्ण उपचार न करता केवळ लक्ष ठेवायचे.

४/८
स्त्रियांना मात्र हे सांगितले गेले नाही. त्या वर्षानुवर्षे तपासणीस येत राहिल्या. आपल्यावर उपचार चालू आहेत, असाच अनेकींचा समज होता.

५/८
डॉ. मॅकइंडो आणि डॉ. मॅकलीन या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले. ते दुर्लक्षिले गेले. अखेर १९८४ मध्ये त्यांनी अन्य दोन सहकाऱ्यांसह ९४८ स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पेशीतपासणी निर्दोष झालेल्यांपैकी १.५ टक्के स्त्रियांना कर्करोग झाला. दोष कायम राहिलेल्या १३१ जणींपैकी २२ टक्के स्त्रियांना.

६/८
१९८७ मध्ये सँड्रा कोनी व फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ मासिकात हे प्रकरण उघडकीस आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली. १९८८ मध्ये अहवाल आला. पुढे देशव्यापी तपासणी कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ मध्ये रुग्णहक्कांची संहिता लागू झाली. माहिती मिळणे आणि संमती विचारली जाणे हा तेथे कायदेशीर हक्क ठरला.

७/८
२००८ मध्ये नोंदींचा पुन्हा अभ्यास झाला. निदानापुरताच तुकडा काढलेल्या १४३ स्त्रियांत तीस वर्षांतील कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३१ टक्के निघाले. योग्य उपचार मिळालेल्यांत ते एक टक्क्याहूनही कमी होते.

८/८
आज अतिशीत वायूने गोठवणे, उष्णतेने नष्ट करणे, विजेच्या तारेने बाधित भाग कापणे असे उपाय आहेत. गर्भाशय सहसा वाचते. सौम्य बदल पुष्कळदा आपोआप ओसरतात, तेव्हा वाट पाहणेही शास्त्रसंमत असते. परंतु आपण वाट पाहत आहोत, हे त्या स्त्रीला ठाऊक असले पाहिजे.