दाब न मोजता दाब ओळखणे

१९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये आल्बर्टो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवला. पुढे फेरमोजणीत मार्ग सुमारे १४८ मीटर आखूड भरला आणि विक्रम गेला.

असे मार्ग सायकलच्या चाकाचे फेरे मोजून मोजतात. इंग्लंडच्या जॉन ज्युवेल यांनी १९६१ मध्ये या पद्धतीचा अभ्यास मांडला. ऊन वाढले की टायरमधील दाब वाढतो, चाकाची त्रिज्या किंचित वाढते आणि फेरे कमी भरतात. दाबमापक लावावा, तर थोडी हवा निसटतेच! म्हणून पोलादी टेपने मोजलेल्या सरळ टप्प्यावर मोजणीआधी व नंतर चार-चार वेळा सायकल चालवतात. फेऱ्यांतला फरकच दाबातला बदल सांगतो. उरलेल्या चुकीसाठी किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात.