रद्द झालेला कायदा आणि आपलं कलम १५

अमेरिकेतल्या वंशभेदाचा विषय निघाला की आपल्याला वाटतं, हा त्यांचा प्रश्न. पण मराठी माणसाचं या प्रश्नाशी दीडशे वर्षांचं नातं आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवलं होतं. तेव्हा तिकडे उमेदीचा काळ होता. १८६५ मध्ये गुलामी संपली, १८६८ मध्ये कायद्याचं समान संरक्षण आलं, १८७० मध्ये मताचा हक्क. १८७५ मध्ये कायदाच झाला की, उतारगृहं, वाहनं, नाटकगृहं इथे वर्णावरून कुणाला अडवायचं नाही.

आठच वर्षांनी, १८८३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचं म्हणणं असं, की समतेची हमी सरकारला बांधते, नाटकगृहाच्या मालकाला नाही. न्यायमूर्ती हार्लन एकटेच विरोधात गेले.

आता बघा, इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. अन्याय करतो कोण? फक्त सरकार?

याचं उत्तर महाडला मिळतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. म्हणजे सरकार आडवं आलं नव्हतं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत तिथे पाणी घ्यायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्या दिवशी पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. अडवणारा शेजारीच होता. पुढे कोर्टकचेरी झाली. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांचा संयुक्त राष्ट्रांकडचा अर्ज मागवला. आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात भेदभावाविरुद्धचं कलम सुचवताना आधार कुठला दिला? अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांचा! तिथे रद्द झालेला कायदा इथे मसुद्याला कामी आला.

आपलं कलम १५ वाचा. पहिला खंड राज्याला बांधतो. दुसरा खंड कुणाही नागरिकाच्या आड येणाऱ्या निर्बंधाबद्दल बोलतो: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, आणि राज्याच्या पैशातून चालणाऱ्या किंवा लोकांसाठी राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते. त्या यादीत मला महाडचं तळं दिसतं. हे आपल्याला २६ जानेवारी १९५० ला मिळालं. अमेरिकेला १९६४ पर्यंत थांबावं लागलं, तेही आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेऊन.

म्हणून लगेच पाठ थोपटून घेऊ नका. त्या यादीत राहतं घर नाही. अमेरिकेने १९६८ मध्ये घराची विक्री आणि भाडं यांतल्या भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा केला. आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहनिर्माण संस्थेचा, सभासद फक्त आपल्याच समाजाचे घेण्याचा, नियम ग्राह्य धरला. वसई-विरार तर बाहेरून घर शोधत आलेल्यांचंच शहर. आडनाव ऐकल्यावर ‘जागा कालच गेली हो’ असं सांगितलं जातं, तेव्हा सरकार कुठेच नसतं. सोसायटीच्या सभेत या विषयावर हात वर करायचा की नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठरवावं लागेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.