फेरफार नोंदीचा वेग : भोर-वेल्हे परिसरातील दप्तर ते सर्व्हर

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) या डोंगरी तालुक्यांचा बराचसा भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे कुलकर्णी वतने रद्द होऊन पगारी तलाठी आला. तथापि गावचे दप्तर गावनिहायच राहिले.

या दप्तराची रचना लक्षणीय होती. जमिनीच्या हक्कातील बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये अनुक्रमांकाने लिहिला जाई. सातबाऱ्यावर त्याची केवळ पेन्सिल नोंद होई. नोटीस, हरकतीची मुदत व मंडल अधिकाऱ्याचे प्रमाणन झाल्यावरच ती शाईने पक्की होत असे. प्रत्येक गावाची वही स्वतंत्र असल्याने हिर्डोशीची नोंद पासलीच्या नोंदीमुळे कधी अडली नाही. विलंब होई तो माणसांमुळे.

ई-फेरफार प्रणालीत ही गावनिहाय विभागणी मागे पडली. सुमारे ४४ हजार महसुली गावांचे लेखन सामायिक यंत्रणेवर येऊ लागले. २०१७ मधील चावडी वाचनानंतर दुरुस्त्यांचा भार वाढला, आणि सर्व्हर संथ असल्याने तलाठी रात्री बसून काम करीत असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या.

डोंगरी तालुक्यात अशा वेळी खापर प्रथम नेटवर्कवर फुटते. ते नेहमी खरे नसते. चांगले नेटवर्क असलेल्या हवेलीतही नोंद त्याच वेळी अडकत असेल, किंवा सातबारा चटकन दिसतो पण नवी नोंद जतन होत नाही असे असेल, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो. वाचनाचा भार दुसऱ्या प्रतीवर टाकता येतो. लेखनाचे तसे नाही. प्रत्येक नोंद आधी बदलवहीत (लॉगमध्ये) उतरते, तिच्यासाठी संबंधित अभिलेखाला तात्पुरते कुलूप लागते, प्रत्येक सूची (इंडेक्स) अद्ययावत होते आणि अखेर डिस्कवर सर्व स्थिरावते. भार अल्पकाळ असेल तर स्मृतीत तो सामावतो. तासन्‌तास टिकला की डिस्क मागे पडते व रांग वाढत जाते. सकाळी वेगवान असलेली यंत्रणा दुपारी मंदावणे हे त्याचेच लक्षण असू शकते. अशा वेळी केवळ प्रोसेसर वाढवून भागत नाही. अनावश्यक सूची कमी करणे, व्यवहार लहान ठेवणे आणि विदा पुन्हा जिल्हा वा तालुकानिहाय विभागणे, म्हणजे एका अर्थी जुन्या वह्यांकडे वळणे, अधिक उपयोगी ठरते.

नव्या नमुन्यातील सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ आली आहे. जुन्या पेन्सिल नोंदीचेच ते रूप होय. मात्र जी वारस नोंद जतनच झाली नाही, ती या ओळीतही दिसत नाही. आणि वारसाला त्या सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाने पीककर्ज मागता येत नाही.