सॅनफिलिपो विकार : गुंतागुंत व अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषा

म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिस गटातील तिसऱ्या प्रकारचा आनुवंशिक साठवण विकार. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ सिल्व्हेस्टर सॅनफिलिपो यांनी १९६३ मध्ये त्याचे वर्णन केले. हेपरान सल्फेट या शर्करासाखळीचे तुकडे करणारे एखादे विकर जन्मतः कमी पडते, साखळी पेशींतील लायसोसोममध्ये साचत जाते आणि सर्वाधिक झळ मेंदूला बसते. शिरेतून दिलेले विकर मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गटातील काही भावंड-विकारांना लागू पडणारा विकरोपचार येथे उपयोगी नाही. जनुकोपचारावर संशोधन चालू आहे.

दोन-तीन वर्षांपर्यंत मूल बहुधा नीट वाढते. मग बोलणे मागे पडते. पुढे कमालीचा चंचलपणा येतो आणि रात्रीची झोप उडते. दहाव्या वर्षाच्या आसपास, कधी आधी तर कधी नंतर, मूल शांत होऊ लागते. घरच्यांना क्षणभर बरे वाटते, पण हीच उतरणीची खूण असते. चालणे सुटते, फिट्स येतात, स्नायू ताठरतात आणि गिळणे बिघडते. अनेक मुले पौगंडावस्थेत किंवा विशीच्या आरंभी दगावतात. न्यूमोनिया हे नेहमीचे कारण.

सर्वांत कसोटीचा प्रश्न घासाचा. जेवताना ठसका, घशात घरघर, वारंवार ताप, घटते वजन ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणे. अशा वेळी मुलाला सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, गुरगुट्या भात किंवा घट्ट पेज लहान चमच्याने भरवावी. साधे पाणी पातळ असल्याने अधिक ठसकवते. भरवल्यावर अर्धा तास आडवे करू नये. नाकातली नळी थोड्या दिवसांपुरती ठीक. दीर्घकाळासाठी पोटातून जठरात नळी बसवतात. तीही लाळेचा ठसका थांबवत नाही. हा निर्णय पहिल्या मोठ्या न्यूमोनियाच्या आधी, आईवडील शांतपणे बोलू शकतात तेव्हाच व्हावा. नळी बसवताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना विकाराची पूर्वकल्पना हवीच.

बोलता न येणारे मूल दात खाऊ लागले, अकारण रडू लागले, तर ‘रोगच तो’ म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. किडलेला दात, ठणकणारा कान, तुंबलेले पोट, झिजलेला खुबा ही उपचार होण्याजोगी दुखणी आधी शोधावीत. अखेरच्या धापेला अल्प मात्रेत तोंडाने दिलेले मॉर्फिन आराम देते. अमली पदार्थविषयक कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने त्याच्या परवान्यांची गुंतागुंत कमी केली.

मार्च २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाखालील विशेष केंद्रांपैकी एक परळचे केईएम रुग्णालय आहे. मात्र नवीन पनवेलमध्ये, सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला, ताठरलेले वाढते मूल जिन्यावरून उतरवून परळला नेणे हेच मोठे संकट. म्हणून सक्शन मशीन, हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणे घरीच शिकून घ्यावे लागते; जवळचा बालरोगतज्ज्ञ आणि केईएमची फाइल यांचा मेळ आधीच घालावा. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालील जिल्हा समितीकडे, म्हणजे रायगडसाठी अलिबागला, अर्ज करावा लागतो.

दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाधेची शक्यता २५ टक्के असते. गर्भजल किंवा वारेच्या तपासणीने निदान होऊ शकते, पण आजारी मुलातील नेमका जनुकदोष माहीत असल्यास ते खात्रीचे ठरते. म्हणून मुलाची जनुकतपासणी राहिली असेल तर त्याचा डीएनए नमुना त्याच्या हयातीतच जतन करावा. मावशी, काका आणि आत्या यांच्या घरांनाही त्या जनुकतपासणीचा अहवाल लागतो.